कोल्हापुरात एकटीने घालवायचा एक दिवस

प्रश्न : मी नांदेडची, वय ५४, निवृत्त शिक्षिका. पुढील महिन्यात भाचीच्या लग्नासाठी इचलकरंजीला जायचे आहे आणि त्याच्या आदल्या दिवशी मी कोल्हापुरात एकटीच असेन. घरचे म्हणतात, गाडी ठरव आणि अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी एका दिवसात करून टाक. मला मात्र शहर पाहायचे आहे. आजवर एकटीने कोणतेही गाव पाहिलेले नाही. नेमके काय पाहावे, खानावळीत एकटीने बसणे विचित्र दिसेल का, आणि दिवस कंटाळवाणा तर होणार नाही ना?

उत्तर : तुम्हाला शहर पाहायचे आहे, तर शहरच पाहा. जोतिबा, पन्हाळा आणि वाडी ही तिन्ही ठिकाणे सुंदर आहेत, परंतु ती एका दिवसात उरकली तर दिवसाचा मोठा भाग गाडीच्या खिडकीशीच जातो. सोबत कोणी असले की, त्याला कंटाळा आला म्हणून किंवा त्याचे पाय दुखतात म्हणून आपल्याला पुढे निघावे लागते. एकटीला तसे काहीच बंधन नसते. एखाद्या गोष्टीपाशी मन भरेपर्यंत थांबता येते, आणि त्यासाठी पाहण्याच्या जागा थोड्या ठेवाव्या लागतात. कोल्हापूरचे जुने गाव यासाठी फार सोयीचे आहे, कारण मंदिर, भवानी मंडप, खासबाग, टाऊन हॉल, पंचगंगेचा घाट आणि रंकाळा ही सगळी ठिकाणे थोडे चालून आणि थोडे रिक्षाने सहज होतात.

सकाळी लवकर अंबाबाईचे दर्शन घ्या. शक्य असल्यास मंगळवार आणि शुक्रवार टाळा. दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पडू नका, तर मंदिराला बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घाला, कारण भिंतींवरील योगिनींच्या आणि वादक-नर्तकींच्या मूर्ती गर्दीबरोबर चालताना नजरेतून निसटतात. देवी पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभी, आणि पुन्हा नोव्हेंबरात, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. हाच तो किरणोत्सव. तुमची भेट त्या दिवसांत नसली, तरी महाद्वाराच्या रेषेत उभे राहून गाभाऱ्याकडे पाहिले की, ज्यांनी ही दिशा साधली त्यांच्या कौशल्याची कल्पना येते.

तेथून भवानी मंडपातून खासबागेकडे जा. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले हे कुस्तीचे मैदान १९१२ मध्ये सुरू झाले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे, त्यामुळे मागच्या माणसालाही कुस्ती अडथळ्याविना दिसते. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्यातून या मैदानाची कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले, आणि ती हळहळ कोल्हापूरकरांच्या बोलण्यात आजही जाणवते.

दिवसातला सर्वांत मोठा वेळ मात्र टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयासाठी राखून ठेवा, असा माझा आग्रह आहे. (सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्यावा.) बहुतेक प्रवासी या इमारतीवरून पुढे निघून जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात जे उत्खनन झाले, त्यातील वस्तू येथे आहेत. त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराबरोबर ही मूर्ती समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्याला लागली असावी, आणि तेथून घाट चढून या नदीकाठच्या वस्तीत आली असावी. ती कोणी आणली, कोणाच्या घरी ठेवली आणि तिला त्या घरात कोणते नाव मिळाले, या प्रश्नांवर तुम्ही हवा तितका वेळ विचार करत उभ्या राहा. इतिहास शिकवला असेल तर तुम्हाला तेथून लवकर निघवणार नाही. संग्रहालयातून बाहेर पडल्यावर ब्रह्मपुरीच्या बाजूने पंचगंगेच्या घाटावर उतरा, म्हणजे ती मूर्ती जेथे सापडली तो परिसरही पाहून होईल.

नवा राजवाडा मी मुद्दाम वगळला आहे. १८८४ मध्ये पूर्ण झालेली ती वास्तू भव्य आहे, पण ती जुन्या गावापासून दूर आहे आणि तेथे गेल्यास टाऊन हॉलचा वेळ कमी होईल.

आता जेवणाविषयी. कोल्हापूरच्या खानावळीत एकटे माणूस जेवायला येणे ही रोजचीच बाब आहे, कारण बाजारासाठी, न्यायालयासाठी आणि दवाखान्यासाठी आसपासच्या गावांतून माणसे सतत येत असतात. तरी संकोच वाटत असेल, तर साडेबाराच्या आत पोहोचा. तेव्हा टेबले रिकामी असतात आणि वाढप्यालाही दोन शब्द बोलायला सवड असते. मांसाहार करत असाल तर तांबडा आणि पांढरा रस्सा दोन्ही मागून घ्या. शाकाहारी असाल तर अख्खा मसूर आणि भाकरी मागा. न्याहारीला मिसळ घेतल्यास कट वेगळा मागावा, म्हणजे तिखट आपल्या बेताने घेता येते.

कंटाळ्याची शक्यता दुपारी अडीच-तीनच्या सुमारास असते. पाय थकलेले असतात आणि बोलायला कोणी नसते. त्या वेळी नवे काही पाहण्याचा हट्ट न धरता खोलीवर जाऊन तासभर आडवे व्हा. उन्हे उतरल्यावर रंकाळ्यावर जा. तेथे संध्याकाळी कुटुंबे, वृद्ध मंडळी आणि फिरायला आलेल्या स्त्रिया यांची वर्दळ असते, त्यामुळे एकट्या स्त्रीला अवघडल्यासारखे होत नाही. अंधार पडल्यावर मात्र वर्दळीच्याच बाजूला थांबा, आणि परतताना रिक्षा मुख्य रस्त्यावरून घ्या.

लग्नासाठी चपला घ्यायच्या असतील तर भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनमध्ये परतीच्या वाटेवर घ्या, सकाळी घेऊन त्या घालून चालू नका. अस्सल कातडी कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला पायाला चावते. आतून थोडे खोबरेल तेल लावून ती रात्री खोलीतच थोडी वापरावी आणि पाण्यापासून जपावी, म्हणजे लग्नाच्या दिवसापर्यंत थोडी मऊ होईल.