अमूर्त फोटोत लपलेला चेहरा भासत असेल तर छायाचित्रकार शीर्षक कसं ठरवतात?

अनेक जण शीर्षकात 'चेहरा' हा शब्द मुद्दाम टाळतात आणि जागा, वस्तू किंवा नुसतं वर्ष देतात. दोन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ दिसली की मेंदू आपोआप चेहरा जुळवतो (पॅरिडोलिया). नावानेच तो दाखवून दिला की बघणाऱ्याला पोत, ओरखडे, सावल्या दिसेनाशा होतात. अमेरिकन छायाचित्रकार ॲरन सिस्किंड यांनी पोपडे सुटलेल्या रंगाच्या फोटोला 'जेरोम, ॲरिझोना, १९४९' एवढंच नाव दिलं. मला हीच पद्धत सर्वांत पटते. चाहूल द्यायचीच असेल तर 'पहारा', 'कुजबुज' अशी नावं चालतात. मात्र चेहरा फार पुसट असेल आणि तो दिसल्याशिवाय फोटो उभाच राहत नसेल, तर सूचक नाव द्यावंच लागतं.