डक्टला घाम फुटतो तेव्हा

प्रश्न : वरच्या मजल्याला पत्र्याचं छप्पर, खाली पीओपीचं सीलिंग. मधल्या पोकळीतून डक्टेबल एसीचा ४५० बाय ३०० मिमीचा जीआय डक्ट (खोल्यांपर्यंत गार हवा नेणारा, जस्त चढवलेल्या पत्र्याचा चौकोनी नळ) ८ मीटर गेलाय. मे महिन्यात शेवटच्या खोलीत गारवा पोहोचत नाही, पावसाळ्यात सीलिंगवर डाग पडतात. डक्टवर ग्लासवूल (काचतंतूंचं उष्णतारोधक आवरण) आहे. काय करावं?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : डाग फक्त मशीनखाली असेल, तर आधी ड्रेन पाइप तुंबलाय का ते बघा. डक्टच्या लांबीने डाग असतील, तर डक्टला घाम फुटतोय. आतली हवा असते साधारण १३-१४ अंश. श्रावणात बाहेर २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली, की २३ अंशांखालच्या डक्टच्या पत्र्यावर पाणी धरतंच. ग्लासवूलवरचा फॉइल फाटला की दमट हवा आत शिरते, वूल भिजतं आणि भिजलेलं वूल उष्णता अडवत नाही. ते सगळं काढून टाका.

आता सांधे. बहुतेक कारागीर हेच गाळतात आणि शेवटच्या खोलीची हवा इथेच वाया जाते. ब्लोअर चालू ठेवून प्रत्येक फ्लँजपाशी (डक्टचे दोन तुकडे बोल्टने जोडणाऱ्या कडेपाशी) उदबत्ती फिरवा. धूर बाहेर ढकलला गेला, तिथे गळती. बोल्ट आवळा, सिलिकॉन भरा. कापडी टेप नको, छपराखालच्या उष्णतेत त्याचा डिंक सुटतो.

आवरणासाठी २५ मिमी जाडीचं क्लोज्ड-सेल (बंद छिद्रांचं, हवा-ओल आत न घेणारं) नायट्राइल रबर घ्या, आगीच्या दृष्टीने ‘क्लास ओ’ म्हणजे ज्वाला सहज न पसरवणाऱ्या दर्जाचंच. बाजूच्या पट्ट्या ३०० मिमी रुंद, वरची-खालची ५०० मिमी, कारण त्यांनी बाजूच्या रबराची जाडीही झाकली पाहिजे. मीटरमागे १.६ चौरस मीटर झालं, ८ मीटरला १२.८. कापाकापी आणि फ्लँजवरच्या पट्ट्या धरून १५ मागवा.

डक्टच्या पत्र्यावरचं तेल, धूळ पुसा. सोल्युशन (रबर चिकटवायचा द्रव) पत्र्याला आणि रबराला, दोन्हीकडे लावा. बोटाला चिकटेनासं झालं की दाबून बसवा. रबर ताणू नका. ताणलेलं रबर पुढे आखडतं, जोड उघडतो आणि तिथून पुन्हा दमट हवा शिरते. लांबी चार-पाच मिमी जास्तच कापा. काम चालू असताना आणि नंतर ३६ तास एसी बंद.

डक्ट ज्यावर टेकतो त्या टांगणीच्या लोखंडी अँगलवर रबर चेपलं, की नेमकं तिथेच पाणी ठिबकतं. त्या जागी रबराइतक्याच जाडीचा लाकडी गुटका ठेवा आणि कडा सोल्युशनने बंद करा. डॅम्परचा (डक्टमधली हवा अडवणाऱ्या झडपेचा) दांडा मात्र झाकू नका. खोल्यांमधली हवा कमी-जास्त करायला तो हाताशी लागतो.