जर्मनीला कास्टिंग जातं म्हणून फाउंड्रीतल्या थंब मशीनला नकार देता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत थंब मशीन (अंगठ्याच्या ठशावर हजेरी घेणारं) सक्तीचं झालंय, एचआरवाले संमतीपत्रावर सही मागतायत, कंपनी जर्मनीला कास्टिंग पाठवते, मग तिकडचा कायदा दाखवून अंगठा नाकारता येईल का?

नाही येणार. जीडीपीआर, म्हणजे युरोपचा माहिती संरक्षण कायदा, मालाच्या मागोमाग फिरत नाही. युरोपात असलेल्या माणसांची माहिती, किंवा युरोपातल्या शाखेच्या कामकाजातली माहिती, एवढीच तो धरतो. शिरोलीच्या मोल्डरचा (साचे बनवणाऱ्याचा) अंगठा त्यात बसत नाही. जर्मन ग्राहक ऑडिटच्या वेळी कामगारांच्या माहितीबद्दल विचारतो ते कराराच्या जोरावर. तरी दर दुसऱ्या टाईम ऑफिसात, म्हणजे हजेरी खात्यात, कुणीतरी ‘आपल्याला जीडीपीआर लागू आहे’ म्हणून फाईल दाखवतोच.

तिकडे नोकरीला असता तर मात्र बाजू भक्कम होती. बोटाचा ठसा जीडीपीआरच्या कलम 9 मध्ये खास जपायच्या माहितीत येतो आणि मालकाने घेतलेली संमती सहसा खरी मानतच नाहीत, कारण नोकरी हातात असलेल्याला नाही म्हणणार कोण? ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी सर्को लेझर या क्रीडाकेंद्रं चालवणाऱ्या कंपनीला 38 केंद्रांवरची कर्मचाऱ्यांची चेहरा आणि बोटाची हजेरी बंद करायला लावली. कार्डावर काम भागत असताना हे कशाला, हा त्यातला मुद्दा. अमेरिकेत इलिनॉयच्या 2008 च्या कायद्यात लेखी परवानगीशिवाय ठसा घेतला तर कामगार स्वतः कोर्टात जाऊन 1000 डॉलर मागू शकतो, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर 5000.

आपल्याकडे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला संमती लागतच नाही. मग एचआरवाले गठ्ठ्याने संमतीपत्रं का भरून घेतात? नुसता देखावा. आणि त्यात ते स्वतःच अडकतात. माहिती दाखवा, दुरुस्त करा, खोडा, हे हक्क त्या कायद्यात संमतीवर घेतलेल्या माहितीपुरतेच आहेत, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. संमती न घेता कलम 7 वर काम चालवलं तर तुम्हाला यातलं काहीच मिळत नाही. म्हणजे संमतीपत्रावर सही करण्यात फायदा तुमचाच. करा, पण झेरॉक्स घेतल्याशिवाय कागद सोडू नका.

खरा घोळ कागदात नाही, मशीनमध्ये असतो. मशीन सहसा अंगठ्याचा फोटो ठेवत नाही. रेषा कुठे फुटतात, कुठे संपतात ते बिंदू घेऊन टेम्प्लेट बनवतं. हे टेम्प्लेट एक मशीनमध्ये, एक टाईम ऑफिसच्या पीसीत आणि एक बॅकअपच्या पेन ड्राईव्हवर. माणूस सोडून गेला की पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यापुढे ‘लेफ्ट’ टाकतात आणि विषय संपला. नुसतं मशीनमधून काढलं तर पुढच्या सिंकला पीसी ते परत मशीनमध्ये ढकलतो. म्हणून आधी सॉफ्टवेअरमधून काढायचं, मग प्रत्येक गेटच्या मशीनमधून, शेवटी बॅकअप. गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्याचं जुनं मशीन असंच भंगारात गेलं. प्लग लावला तर ठेकेदाराकडच्या कामगारांसकट सगळी यादी आत जशीच्या तशी. ॲडमिन कधी नोंदवलाच नव्हता, त्यामुळे मेनूचं बटण दाबलं की कुणालाही सगळं उघडं. नव्या कायद्यात सुरक्षेच्या अशा हलगर्जीपणाला 250 कोटींपर्यंत दंड आहे, आणि तिथे संमती घेतली होती की नाही हा प्रश्नच येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मालकावरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. तोवर आयटी कायद्याखालचे 2011 चे नियम चालतात. त्यात बायोमेट्रिक माहिती संवेदनशील धरलीय आणि ती घ्यायला लेखी संमती लागते. म्हणजे आजच्या घडीला तुमच्या एचआरचा कागद अगदीच फुकाचा नाही. मघाशी देखावा म्हटलं ते 2027 नंतरचं धरा.

नकारापेक्षा पर्याय मागा. बहुतेक मशीनवर कार्ड किंवा पिनची सोय आधीच असते. फेटलिंगवाल्यांची (कास्टिंग घासून साफ करणाऱ्यांची) बोटं ग्राइंडर आणि वाळूने इतकी गुळगुळीत झालेली असतात की सकाळी नोंदवलेला अंगठा शिफ्ट सुटताना लागत नाही. मग सुपरवायझर हाताने पंच टाकतो आणि ओव्हरटाईमवरून भांडण होतं. टाईम ऑफिसकडून मॅन्युअल पंचचा महिन्याचा रिपोर्ट काढून घ्या आणि कार्डाच्या अर्जाला तोच जोडा.