ड्रॅगसाठी इंजिन: ३५०, ३८३ की फुकटातलं ४५४?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८६ची कॅमेरो, आत दमलेलं ३०५ (हे आकडे इंजिनाच्या आकाराचे, क्यूबिक इंचांत), मुक्काम ओहायोत, उन्हाळ्यातले शनिवार स्ट्रिपवर, म्हणजे ड्रॅगच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर, घालवायचेत आणि पाव मैल साडेअकरा सेकंदांत मारायचाय. ओळखीतला एकजण जुन्या पिकअपमधलं ४५४ जवळजवळ फुकट देतोय. ते उचलू, ३५० बांधू, की ३८३?

४५४ उचलू नका. का, ते जरा लांबण लावून सांगतो, कारण मी स्वतः तिथेच आपटलो होतो.

मिशिगनला आल्यावर माझी पहिली ड्रॅगची गाडी १९७९ची मालिबू. मोठं इंजिन म्हणजे जोरात गाडी, एवढंच डोक्यात. सगळे पैसे ४५४मध्ये ओतले आणि टायर मात्र रोजचेच ठेवले. त्या पहिल्या रात्रीची स्लिप, म्हणजे स्ट्रिपवर मिळणारी वेळेची चिठ्ठी, अजून गराजमधल्या फ्रिजला चिकटवलेली आहे: पहिले ६० फूट २.१८ सेकंद, पाव मैल १३.४०, शेवटचा वेग ताशी १०८ मैल. शेजारच्या लेनमधली ३५०वाली नोव्हा माझ्या आधी पोचली होती, आणि तिचा वेग माझ्यापेक्षा कमी होता! स्लिप अशी वाचायची: वेगाचा आकडा इंजिनाचा दम सांगतो, वेळेचा आकडा त्या दमाचं तुम्ही काय केलंत ते सांगतो. दिवा हिरवा झाल्यावर मी नुसता धूर काढत होतो. पुढच्या महिन्यात इंजिनाला बोटही न लावता मागे चिकट ड्रॅग रेडियल टायर घातले. ६० फूट १.७५, पाव मैल १२.६८. पाऊण सेकंद टायरमध्ये होता.

म्हणून इंजिनाचा आकार सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी वेळ, मग वजन, मग टायर आणि मागचा अ‍ॅक्सल.

हिशेब घरच्या घरी होतो. ५.८२५ला हव्या असलेल्या वेळेने भागा, आलेल्या उत्तराचा घन करा आणि त्याला गाडीच्या ड्रायव्हरसकट वजनाने, पाउंडांत, गुणा. तुमची कॅमेरो तुमच्यासकट ३,४०० पाउंड धरू. साडेअकरा सेकंदांसाठी ४४० हॉर्सपॉवरच्या आसपास येतात. बारा सेकंदांत समाधान असेल तर ३९० पुरतात, अकरा म्हणालात तर ५०५ लागतात. शेवटचा अर्धा सेकंद किती महाग पडतो बघा. आणि वजन २०० पाउंडांनी उतरवलंत तर साडेअकराला ४१५च पुरतात. मागची सीट काढायला पाना लागतो, पैसे नाही.

आता हे ४४० कुठून आणायचे? ३५०मधून काढायचे तर दर क्यूबिक इंचाला सव्वा हॉर्सपॉवर पडते. जमतं, पण चांगले हेड (सिलिंडरवरची झाकणं, ज्यांतून हवा आत-बाहेर होते) लागतात, मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लागतो आणि इंजिन सहा-साडेसहा हजार आरपीएमला फिरवावं लागतं. ३८३ला तोच हिशेब १.१५वर येतो, म्हणजे साध्या, रोज सुरू होणाऱ्या इंजिनात बसतो. ४५४ला एकाहूनही कमी, म्हणून कागदावर तेच सोपं वाटतं. पण पिकअपमधल्या त्या ४५४ला बहुतेक करून पीनट पोर्ट हेड असणार. बारीक पोर्ट (हवेच्या वाटा), ट्रेलर ओढायला बनवलेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या ट्रकमध्ये हे ७.४ लिटरचं धूड २३० हॉर्सपॉवर देत होतं. हेड, कॅम, इनटेक बदलल्याशिवाय ते हलणार नाही. शिवाय स्मॉल ब्लॉकपेक्षा (३०५, ३५०, ३८३ त्याच घराण्यातली) शंभरेक पाउंड जास्त वजन, तेही नाकावर. वेगळे हेडर (धुराचे पाइप), वेगळे माउंट (इंजिन टेकतं त्या बैठका), पुढच्या स्प्रिंगा... फुकटची म्हैस, पण गोठा बांधायचा खर्च तुमचा.

नुसत्या आकाराने काही होत नाही याचा सर्वात मोठा पुरावा टॉप फ्यूल, ड्रॅगमधला सगळ्यात वेगवान वर्ग. तिथे मर्यादा ५०० क्यूबिक इंचांची आहे, म्हणजे तुमच्या त्या ४५४हून जेमतेम ४६ जास्त, आणि ताकद ११,००० हॉर्सपॉवरच्या घरात. फरक हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचा आणि नायट्रोमिथेन या इंधनाचा.

३८३ म्हणजे काय, तर ३५०चा ब्लॉक ३० थाऊ (इंचाचे हजारांश) कोरून बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.०३० इंच करायचा आणि त्यात ४०० क्यूबिक इंची इंजिनाचा ३.७५ इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव) घालायचा. बाहेरून तेच इंजिन, तुमच्या माउंटवर जसंच्या तसं बसतं. तुमचा ३०५चा ब्लॉक यात चालणार नाही, त्याचा बोअरच पावणेचार इंचांच्या आत आहे. ३५०चा ब्लॉक शोधताना साल बघा: १९८६पासून मागचं मेन सील (तेल अडवणारं) एका तुकड्याचं झालं, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) त्याप्रमाणे घ्यावा लागतो.

आणि हे स्वतः करा, कुणावर सोडू नका: क्रँकचा स्ट्रोक वाढला की कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ब्लॉकला खाली, ऑइल पॅनच्या कडेपाशी घासतात. ग्राइंडरने थोडं थोडं खायचं, क्रँक हाताने फिरवायचा, परत बघायचं. रॉड आणि ब्लॉकमधून सरळ केलेली जाड पेपरक्लिप अडकल्याशिवाय सरकली पाहिजे. आठही जागी. मग कॅमच्या बाजूलाही तेच. एक अख्खा रविवार जातो, पण मला इंजिनबांधणीतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

लांब स्ट्रोकला आरपीएम कमी पेलतात असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. खरं आहे, पण किती? ३५०चा पिस्टन ७,००० आरपीएमला ज्या वेगाने पळतो, त्याच वेगाने ३८३चा ६,५००ला पळतो. तुम्हाला तेवढं लागणारच नाहीये. साडेअकराची गाडी पाव मैलाच्या शेवटी ताशी ११८ मैलांच्या आसपास असते. २६ इंची टायर आणि मागच्या अ‍ॅक्सलचा ३.७३ गिअर असेल तर इंजिन ५,७००ला, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कन्व्हर्टरची घसर धरून ६,०००ला. ३८३चा जोर नेमका तिथेच असतो. ३५० घेतलंत तर ४.१०चा गिअर घालावा लागेल, आणि हायवेवरून घरी परतताना कान किटतील.

गिअरचा विषय निघालाच आहे तर तुमच्या कॅमेरोचा मागचा साडेसात इंची टेन-बोल्ट अ‍ॅक्सल. चिकट टायर आणि ४४० हॉर्सपॉवर ही जोडी तो फार दिवस सोसणार नाही. इंजिनाच्या बजेटमधून याचे पैसे आजच बाजूला काढा. बारा बोल्टचा किंवा फोर्डचा नऊ इंची बघा.

नवी पोरं ट्रकचं ५.३ लिटर एलएस (शेवरोलेचं नंतरच्या पिढीचं इंजिन) उचलतात आणि टर्बो लावतात, त्यात वाईट काही नाही. पण टर्बो आला की वरचा सगळा हिशेब बदलतो, आणि वायरिंगशी तुमची दोस्ती नसेल तर पहिल्याच गाडीला नको.

अजून एक. ११.५०वर थांबलात तर ठीक, ११.४९ लागला की एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग शर्यतींची संघटना) नियमाने रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाइप) हवा. गाडी ठरवल्यापेक्षा जोरात निघाली म्हणून अधिकाऱ्याने घरी पाठवलेला माणूस मी पाहिलाय. आनंद आणि वैताग एकाच तोंडावर.

तूर्तास काही विकत घेऊ नका. ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर गाडी घाला, तुम्ही आत बसून. मग आहे त्या ३०५वर एक शनिवार चार-पाच रन मारा आणि स्लिपांचे फोटो इथे टाका. ६० फुटांचा आकडा सगळ्यात आधी.