अर्धा ग्रॅम तांबं घेतलं, शेवटी ०.५६ ग्रॅम मिळालं. असं कसं?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ०.५० ग्रॅम तांब्याची तार नायट्रिक आम्लात विरघळवली, सगळ्या पायऱ्या करून जस्ताने तांबं परत मिळवलं आणि यील्ड आलं ११२ टक्के. रंग तांबूस, काळपटपणा नाही. हा रंग सांगितलात ते फार बरं केलंत, अर्धं उत्तर त्यातच आहे.

मी हे प्रॅक्टिकल बरीच वर्षं घेते. मधल्या पायऱ्यांत, म्हणजे निळ्या हायड्रॉक्साइडचा साका, तो तापवून काळा ऑक्साइड, मग गंधकाम्लात विरघळून मोरचूद, इथे बहुधा तांबं कमी होतं. साका न ढवळता तापवला की उसळतो आणि बीकरबाहेर उडतो. पाणी निथळताना घाई केली की काळी पूड त्याबरोबर वाहून जाते. वजन वाढतं ते शेवटच्या पायरीत.

सुकवताना तांबं जळून ऑक्साइड झालं असेल का? हिशोब करून बघू. वाढलेला ०.०६ ग्रॅम सगळा ऑक्सिजन धरला, तर त्यासाठी ०.२४ ग्रॅम तांब्याचा काळा ऑक्साइड व्हायला हवा, म्हणजे जवळजवळ निम्म्या तांब्याचा. मग तुमची पूड तांबूस दिसलीच नसती. तेव्हा उरतात दोन गोष्टी: जस्त आणि पाणी.

जस्ताचा घोळ असा होतो. अर्ध्या ग्रॅम तांब्याला हिशोबाने ०.५१ ग्रॅम जस्त पुरतं, पण उरलेलं आम्लही जस्त खातं, म्हणून आपण जास्तच घालतो. जाड दाण्यावर तांब्याचा थर बसतो आणि आत जस्त तसंच राहतं. वरून बघून ओळखू येत नाही. म्हणून द्रावणाचा निळा रंग पूर्ण गेल्यावर वरचं पाणी निथळून थोडं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं आणि काचेच्या कांडीने गोळे फोडत राहायचं. बुडबुडे येताहेत तोवर जस्त आहे. तांब्याला हे आम्ल काही करत नाही. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा जवळ बर्नर पेटता ठेवू नका.

पाण्याचं म्हणाल तर ही पूड स्पंजासारखी असते, कोरडी दिसते पण आत ओल धरून ठेवते. दोन-तीनदा पाण्याने धुवा, मग ॲसिटोनने एकदा, आणि वाफेवर सुकवा. थेट ज्योतीवर मुळीच नको, तिथे ती खरंच काळी पडते. वजन करा, पुन्हा सुकवा, पुन्हा वजन करा. दोन वजनं सारखी आली की मगच आकडा लिहायचा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पहिल्या पायरीतला तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. त्या क्षणी फारसं काही जाणवत नाही, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं. फ्यूम हूड, म्हणजे धूर बाहेर ओढणारं कपाट, बंद असेल तर प्रयोग सुरूच करू नका, सर काही म्हणोत.

तुमची पूड अजून ठेवली असेल तर टाकू नका. आजच विरल हायड्रोक्लोरिक आम्लात घालून बघा. धुऊन सुकवल्यावर वजन बहुतेक ०.५० च्या थोडं खाली येईल. जर्नलमध्ये दोन्ही वजनं लिहा, आधीचं खोडू नका, आणि मधे काय केलंत तेही लिहा.