आजीचे हात राहून गेले

प्रश्न : १९९८ साली मी आजीचं तैलचित्र सुरू केलं होतं. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात ती विळीवर भाजी चिरत बसली आहे. चेहरा आणि लुगडं झालं, हात काही जमेनात. पुढे आजी गेली आणि चित्र माळ्यावर गेलं. निवृत्तीनंतर रीतसर शिकलो, हात आता बरा बसलाय. चित्र खाली काढलं तर पिवळट आणि मधेमधे मरगळलेलं दिसतं. त्यावरच पुढे काम करू की नवा कॅनव्हास घेऊ? हल्ली मी अॅक्रिलिक वापरतो, ते चालेल का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : अॅक्रिलिक नाही चालणार. वाळलेल्या तेलरंगावर ते नीट धरत नाही, पुढेमागे पापुद्रा सुटतो. खाली अॅक्रिलिक आणि वर तेलरंग हे चालतं, उलटं नाही. तेव्हा पुन्हा तेलरंगाच्या ट्यूबा आणा.

पिवळेपणाला घाबरू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, आणि माळ्याइतका अंधार घरात दुसरीकडे कुठे असतो? चित्र काही आठवडे खिडकीपाशी उजेडात ठेवा, थेट उन्हात मात्र नको. बराच पिवळेपणा आपसूक उतरेल. ही कळ काढल्याशिवाय रंग जुळवायला बसू नका. आजच्या पिवळ्या चेहऱ्याशी जुळवलेले हात उद्या चेहरा उजळला की कावीळ झाल्यासारखे दिसतील.

मरगळलेल्या जागी खालच्या थराने तेल शोषून घेतलंय. धूळ मऊ ब्रशने झाडा. जवसाच्या तेलात निम्मं टर्पेंटाइन घालून ते पातळसं चोळा आणि लगेच पुसून घ्या. रंग खरे कसे होते ते तेव्हा कळेल. पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवून मगच टाका.

आता मुख्य मुद्दा. चेहरा तुम्ही आजीला समोर बसवून रंगवला असणार. आज तुम्हाला नाक किंचित वाकडं वाटेल, गालाखालची सावली जड वाटेल आणि हात शिवशिवतील. चेहऱ्याला हात लावू नका. आज तिथे जे काही घालाल ते क्लासातून येईल नाहीतर फोटोवरून, आजीकडून नाही. इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं त्या दोन हातांत ओतायचा मोहही आवरा, नाहीतर साध्या लुगड्याला पैठणीचं ठिगळ लावल्यासारखं होईल. चेहऱ्यावरचे फटकारे जवळून बघा, ब्रश केवढा होता ते कळतं. तसाच ब्रश घ्या, आणि तेव्हाचे मोजकेच रंग.

तेव्हा हात का जमले नाहीत, याचा माझा अंदाज सांगतो. विळीवर पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. दोन्ही हात पात्याच्या दोन बाजूंनी भाजी धरून पुढे रेटतात, पाट पायाखाली दाबलेला असतो, त्यामुळे जोर खांद्यातून येतो. चित्रात मात्र पुष्कळदा हात सुरी धरल्यासारखे येतात. घरात किंवा शेजारी अजून विळीवर बसणारं कोणी असेल तर त्यांना बसवा. आजीच्या चेहऱ्यावर ज्या बाजूने उजेड आहे, त्याच बाजूची खिडकी निवडा. आधी कोळशाने कागदावर भरपूर काढा.

लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयातही जाऊन या. राजा रविवर्म्यांना सयाजीरावांनी १८८८ मध्ये चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं होतं. रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं तिथे बघायला मिळतात. बोटांमधली सावली निव्वळ काळी नसते, तांबूस असते, हे तिथे नीट पाहून घ्या. हातांची ठेवण मात्र उचलू नका. देवादिकांचे ते हात देखणे खरे, पण त्यांनी कधी कोबी चिरलेला नाही.

नवा कॅनव्हास कधी? चित्रावर पारदर्शक प्लास्टिक धरून त्यावर मार्करने दोन्ही हात खांद्यापासून काढून बघा. कोपर विळीपर्यंत पोचतच नसेल तर चूक मूळ रेखाटनात आहे. मग त्याच प्लास्टिकवर सगळं ट्रेस करून नव्याने मांडा आणि जुनं चित्र आहे तसं ठेवा. मोठी चूक वरून रंग फासून झाकण्यात अर्थ नाही. तेलरंग वर्षानुवर्षं पारदर्शक होत जातो आणि गाडलेला हात हळूहळू वर येतो. पॉलिशपेपरने जुना रंग घासूही नका. त्या काळच्या पांढऱ्यात शिसं असू शकतं, त्याची पूड नाकातोंडात जायला नको.

पण कोपर पोचत असेल, आणि मला वाटतं पोचेल, तर जुन्यावरच करा. नव्या थरात खालच्यापेक्षा तेल थोडं जास्त ठेवा. व्हार्निशला निदान सहा महिने थांबा. घरचे फ्रेमची घाई करतील, त्यांना दिवाळीचा वायदा देऊन टाका. कुठली दिवाळी ते सांगू नका.