बडोद्यात सायकलमार्गासाठी खासगी जागेतून वाट कशी मिळवावी?

विश्वामित्री नदीच्या काठाने सायकलमार्ग व्हावा, पण मध्ये येणाऱ्या सोसायट्यांच्या जागेतून जाण्याचा हक्क कसा मिळवावा, असा आपला प्रश्न आहे. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील वहिवाटीचा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. सगळ्या शहराला जाण्यायेण्याची मुभा त्यात सहजी बसत नाही. म्हणून सोसायटीच्या नुसत्या संमतिपत्रावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. ती परवानगीच ठरते, सहसा मागे घेता येते, आणि कार्यकारिणी बदलली की फाटकाला कुलूप लागू शकते. त्यापेक्षा महानगरपालिकेने तेवढा पट्टा खरेदीने, बक्षीसपत्राने किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावा आणि मोजणीचा नकाशा जोडून दस्त रीतसर नोंदवावा.

नव्या वसाहतींत मात्र 1976 च्या गुजरात नगररचना कायद्याखालील टीपी स्कीम (नगररचना योजना) कितीतरी भरवशाची आहे. तेथे मालकांच्या जमिनी एकत्र करून फेरवाटप होते आणि रस्त्यांची जागा त्यातूनच निघते. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी एकच महिना असतो. त्या मुदतीत तेथील जमीनमालकांकडून सायकलमार्गाची लेखी मागणी अवश्य नोंदवून घ्या, कारण अंतिम भूखंड ठरल्यावर दोन मीटरचा पट्टा मिळवणेही जड जाते.